पूर्ण पुसलेली सीडी

आधीच सांगतो, भुताची गोष्ट सांगणाऱ्याला भर मैफलीत 'पुरावा काय?' विचारणाऱ्यांपैकी मी आहे. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट म्हणून आयुष्य गेलं. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं... शोधलं की सापडतं. हे मात्र गेल्याच महिन्यातलं.

माझा मोठा भाऊ, दादा, जाऊन नऊ वर्षं झाली. त्याने नातीसाठी सांगितलेली एक गोष्ट मी आमच्या लॅबमध्ये रेकॉर्ड करून सीडीवर घेतली होती. रीरायटेबल सीडी — म्हणजे पुसून पुन्हा वापरता येणारी. आम्ही पडलो मूळचे सदाशिव पेठेतले! अशा सीडीवर मार्करने नाव लिहायचं नाही; उद्या दुसरं काही भरायचं झालं तर खाडाखोड कशाला? नावाची चिठ्ठी नुसती कव्हरात.

तीच काटकसर नडली. दादा गेल्यावर 'जास्तीची कॉपी काढून देतो' म्हणून मीच ती सीडी वहिनींकडून मागून आणली, आणि टेबलावर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. जुन्या प्रश्नपत्रिका समजून मी दादाचा आवाज पुसला. तोही फुल इरेज — म्हणजे मागे कणभरही उरत नाही — वीस मिनिटं समोर बसून. नंतर सगळे उपाय केले, काही परत आलं नाही. शेवटी कोरी सीडी त्याच कव्हरात घालून परत दिली आणि 'कॉपी होत नाहीये' म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण आठ वर्षं गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वहिनींच्या सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येणार होती. जुन्या सीड्या निकालात काढायला मी वाघोलीहून गेलो. सीडी टाकायची तर आधी छापील बाजूवर खिळ्याने ओरखडे काढायचे — माहितीचा थर त्याच बाजूला असतो — मग पिशवीत धरून कात्रीने दोन तुकडे. दहा-पंधरा झाल्या असतील, तेवढ्यात वहिनींनी नेमकं ते कव्हर उचललं.

"ही नको, भाऊजी. ही लावा. रडू येईल म्हणून इतकी वर्षं लावलीच नाही."

"अहो, इतकी जुनी आता चालायची नाही."

"तुम्हीही जुनेच आहात. चालताय ना?" मग आवाज खाली आला. "ह्यांचा आवाज आठवेनासा झालाय मला. डोळे मिटले की चेहरा येतो, आवाज येत नाही."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, धीर झाला नाही. 'नो डिस्क' येईल, मग सीडीवरच खापर फोडू — इतका नीच विचार करून मी ती वहिनींच्या जुन्या सीडी प्लेयरमध्ये सरकवली.

घरघर झाली... आणि दादा खाकरला.

गोष्ट सुरू झाली. तोच आवाज, मधेमधे तेच 'बरं का'. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. दोन-तीन मिनिटांनी दादा थांबला आणि नेहमीसारखा वैतागून म्हणाला, "अगं, तो पंखा बंद कर. नुसती खडखड!"

वहिनी सवयीने उठल्या, बटण बंद केलं. पंखा पुरता थांबेपर्यंत प्लेयरमधून आवाज नाही. मग — "हं. आता बरंय." आणि गोष्ट पुढे चालू.

आमच्या लॅबला एसी होता. पंखा नव्हताच! आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वहिनी तिथे नव्हत्या.

गोष्ट संपली तशी मी रडायलाच लागलो. "वहिनी, हे शक्य नाही. ही सीडी मी पुसली होती. चुकून... पण मीच."

त्या बटणापाशीच उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"पुसली होतीत," त्या म्हणाल्या, "मग मी आत्ता कोणाचं ऐकलं?"

लगेच सीडी परत लावली. 'नो डिस्क'. नंतर घरी नेऊन तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. कोरी.

सीडी परत द्यायला गेलो तेव्हा हात जोडले. वहिनींनी ती कव्हरात ठेवली.

"मला आवाज मिळाला, भाऊजी. माफी मात्र ह्यांच्याकडे मागा."

गेलेल्या माणसाची माफी कशी मागणार, असं पूर्वी मी सहज म्हणालो असतो. त्या दिवशी उठलो आणि आधी पंखा बंद केला.