आदी कातडं, मग कला

रंगवाले अण्णा नटाच्या तोंडाला एकदम कधीच हात लावत नसत. आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचं बोट टेकवायचे आणि त्याला चहाला पिटाळायचे. परत आल्यावर तिथे खाज नसली, तरच चेहऱ्यावरून खोबरेलाचा हात फिरे आणि त्यावर रंग चढे. "आदी कातडं, मग कला," ते म्हणत.

बहात्तर साली माधवनगरच्या गिरणी कामगारांना घेऊन आम्ही नाटक बसवलं. लिहिलं होतं मी. अण्णा साताऱ्याचे, तमाशाच्या फडात जन्म घालवलेले. मी बावीस वर्षांची, डोक्यात सगळी पत्रकं. त्यांचं ते तेल लावणं मला सरंजामी लाड वाटायचं.

रंग उतरवताना ते घाई करू देत नसत. खोबरेल थापून थांबायचं, मग धोतराच्या जुन्या फडक्यानं टिपायचं. कुणी साबण घेऊन घासू लागला की ओरडत, "आरं, तोंड हाय का तवा?"

मला गिरणीमालकाचा चेहरा सोन्यासारखा चकाकता हवा होता. अण्णांची पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, फिकी वाटली, म्हणून मी ट्रंका रंगवायच्या सोनेरी रंगाचा डबा आणला.

"आवं बाई, ह्यो पत्र्याचा रंग हाय. पत्र्याला खाज सुटत न्हाई."

"अण्णा, हे कामगारांचं नाटक आहे. इथे नटांचे नखरे नकोत."

"कामगाराला कातडं नसतंय व्हय?"

अण्णा बाहेर जाताच मी मालकाचं काम करणाऱ्या शंकरला बसवलं आणि तेलाशिवायच रंग फासला. प्रयोग गाजला. नंतर रंग निघेना, तेव्हा मी रॉकेलचा बोळा घासला. अण्णांनी येऊन माझा हात धरला आणि तासभर तेलानं टिपत बसले. तरी शंकरच्या दोन्ही गालांची सालं निघाली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "कुनी केलं ह्ये?"

"रंगाचं काम माजं हाय, माय," अण्णा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. अण्णांना काढायचं ठरलं, त्या बैठकीत मीही हात वर केला.

सहा महिन्यांनी अण्णांची माफी मागायचं ठरवून साताऱ्याला गेले. अण्णांनी मला तोंड उघडू दिलं नाही.

"शंकरचं गाल कसं हायत? उन्हात फिरू नको म्हणावं. तेल लावतोय न्हवं?"

"लावतो," मी म्हणाले. "बरे आहेत आता."

"मग झालं," म्हणत त्यांनी सुस्कारा सोडला.

शंकरच्या घराकडे मी त्या सहा महिन्यांत एकदाही फिरकले नव्हते.