खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

जिनाप्पा अण्णा गेले हे मला बेळगावात, खडेबाजारात असताना फोनवर कळलं. त्यांची मुलगी बोलत होती. "सर, आप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. महिना होत आला, तरी तो शब्द मला सोडत नाही.

निपाणीतल्या आमच्या छोट्या शिक्षणसंस्थेचा मी सचिव, आणि अण्णा सर्व्हरच्या खोलीचे माणूस. जिन्याखालची बिनखिडकीची खोली. आत सर्व्हर, बॅटऱ्या, एसी आणि एक खुर्ची. गारवा टिकावा म्हणून दार लावूनच बसायचं. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे अण्णा आत येणाऱ्याच्या चपला बघून ओळखायचे.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद करून पुजतात. अण्णा मात्र दरवर्षी सर्व्हर चालू ठेवूनच त्याला हळदकुंकू लावायचे. एका वर्षी पूजेला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. चालू मशीनची पूजा त्यांना खपली नसती, म्हणून मी ते बंद करायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हातारं झालंय हे, सर. एकदा थंड पडलं की उठायचं न्हाय. देवाला झोपवून पूजा करत्यात व्हय?" मी हसलो आणि पुन्हा तेच सांगितलं.

दसऱ्यानंतर मशीन उठलं नाही. बॅकअप अर्धवट होता. नवी डिस्क मागणारा अण्णांचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता. जुन्या मुलांच्या सगळ्या नोंदी गेल्या. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, बंद कुणी केलं? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या फायलीत पाहत राहिलो. "मी केलो, सर," अण्णा म्हणाले. खोटं नव्हतं ते. बटण त्यांनीच दाबलं होतं.

जुन्या रजिस्टरांवरून नोंदी पुन्हा भरायचं काम त्यांच्या एकट्यावर आलं. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं ते त्या बंद दारामागे टाईप करत होते. जिना उतरताना फटीतून उजेड दिसायचा. कितीदा थांबलो... दार कधी ढकललं नाही. निरोपसमारंभात मी त्यांच्या निष्ठेवर भाषण केलं. हार घालताना ते हळूच म्हणाले, "लई चांगलं बोललासा, सर." तो टोमणा होता की काय, मला आजही कळलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी त्या खोलीत गेलो. नवी यंत्रं आता वरच्या मजल्यावर आहेत; खाली उरलीय ती अण्णांची रोजची वही. किती तापमान, मशीन कधी बंद, का बंद. खंडेनवमीच्या त्या दिवसाचं पान फाडायला गेलो होतो, हे लपवत नाही. "सकाळी नऊ, मशीन बंद." एरवी प्रत्येक ठिकाणी कारण लिहिलेलं... वीज गेली, भिंतीतून पाणी आलं. इथं मात्र कारणाची जागा मोकळी. मी तिथं लिहिलं, "सचिवांच्या सांगण्यावरून." खाली सही केली आणि वही होती तिथं ठेवली.

बाहेर येऊन कुलूप लावताना लक्षात आलं, आता ही वही कुणीच उघडणार नाही. म्हणून इथं लिहितोय.