माझ्या गॅदरिंगमधली त्याची वीस मिनिटं

माझ्या मामेभावाचे पाय फार सुंदर आहेत. एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाच्या पायांबद्दल असं लिहायला ओशाळल्यासारखं होतं, पण काय करणार, माझी ऐन उमेदीची वर्षं त्या पायांचा हेवा करण्यात गेली आहेत. तो बॅले नाचतो. परदेशातल्या मोठ्या थिएटरांत नाचतो आणि तिथली माणसं महिनाभर आधी तिकीट काढून त्याला बघायला येतात. मी अमरावतीत डान्स क्लास चालवतो. लग्नातले संगीत, शाळांची स्नेहसंमेलनं आणि वर्षातून एकदा माझ्या क्लासचं स्वतःचं गॅदरिंग, एवढा माझा पसारा. मला सगळे 'सर' म्हणतात. तो मला दादा म्हणतो. त्याला पहिली गिरकी मी शिकवली हे मी भेटेल त्याला सांगतो, आणि ऐकणारा लगेच त्याच्याबद्दलच पुढचं विचारायला लागतो.

आम्ही दोघं अकोल्याच्या जुन्या शहरातले, फुलवाल्यांच्या घरातले. मामाचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मळ्यातून झेंडू, शेवंती, गुलछडी यायची आणि घरातली सगळी माणसं ओसरीवर बसून हार करायची. हार करताना दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, पाय लांब सोडायचा आणि दोरा ताणलेला राहावा म्हणून अंगठा पुढे ताणून धरायचा. माझा मामेभाऊ कळायला लागल्यापासून तासन् तास असा बसलेला आहे. मला मात्र आईनं कधी हाराला बसू दिलं नाही. मी शिकून नोकरीला लागणार होतो ना. माझ्या हाताला फुलांचा चीक लागू नये म्हणून ती मला पुस्तक देऊन आतल्या खोलीत बसवायची. तेव्हा मला फार भारी वाटायचं. आता त्या लाडाचा राग येतो.

पुढे मी नोकरीऐवजी नाचाच्या नादी लागलो, आणि मुंबईला बॅलेचं शिबिर होतं तेव्हा अर्ज मी केला होता, त्यानं नव्हे. मी चोविशीतला, तो दहावीतला. एवढ्या लांब एकट्यानं जायला नको म्हणून मामीनं त्याला सोबत दिलं आणि मी त्याच्या खांद्यावर माझी बॅग दिली. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, शिस्तीच्या. त्यांनी सगळ्यांना जमिनीवर बसवून पाय पुढे ताणायला सांगितलं. तो दाराशी बॅग घेऊन बसला होता, त्यानंही गंमत म्हणून पाय ताणले. बाई माझ्यासमोरून पुढे गेल्या, त्याच्यासमोर थांबल्या आणि खाली बसून त्यांनी त्याचं पाऊल हातात घेतलं. हे कुठे शिकलास, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, हार करतो. मी निघताना बाई माझ्याशी फार प्रेमानं बोलल्या. तुम्ही उत्तम शिक्षक व्हाल, असं म्हणाल्या. कलावंताला एवढ्या गोड शब्दांत कुणी घरी पाठवलं नसेल.

पाय असे जन्मतःच असतात, अंगठ्यानं दोरा ताणून काही होत नाही, असं एका हाडांच्या डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं. त्यानं मला बरं वाटावं असा त्यांचा हेतू असावा. मला बरं वाटलं नाही.

बाईंनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, तयार केलं आणि शिष्यवृत्तीवर परदेशी पाठवलं. माझा जीव तेव्हाही जळला, पण खरी आग पुढे लागली. मिळालेलं सांभाळायचं असतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. पहिल्याच कंपनीत एका बॅलेसाठी सगळ्यांनी अंगाला पांढरी पावडर लावायची होती, म्हणजे एका रांगेत सगळे सारखे दिसतात. हा म्हणाला, मी लावणार नाही, माझा रंग मला चांगला दिसतो. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तो सरळ थिएटरबाहेर पडला आणि कुठेतरी जाऊन पोटभर जेवला. नोकरी गेली. मामा फोनवर मला हे सांगत होता, मी 'अरेरे' म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, मला कुणी पावडर लावायला सांगितली असती तर मी दोन थर लावले असते. नाही म्हणण्याची चैन त्याला परवडत होती. मला कुणी काही विचारतच नव्हतं, तर नाही कशाला म्हणणार?

मग तो अकोल्याला परत आला आणि बाजारात मामाच्या दुकानावर बसला. मी मुद्दाम त्याला बघायला गेलो. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. बसमध्ये बसल्या बसल्या मी सांत्वनाची वाक्यंसुद्धा जुळवली होती. जाऊन बघतो तर हा मजेत गुलछडीचे गजरे करतोय, गिऱ्हाइकांची टर उडवतोय आणि मला म्हणतोय, दादा, चहा घेतं काय. माझं सांत्वन तसंच बसमधून परत अमरावतीला आलं.

चार महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीनं त्याला बोलावलं. दोन वर्षांत तो प्रमुख भूमिका करायला लागला. हवेतल्या उडीतला त्याचा फोटो इथल्या पेपरात आला आणि माझ्या क्लासच्या एका आईनं तो कापून मला आणून दिला. सर, तुमचे भाऊ ना, असं ती कौतुकानं म्हणाली. मी तो फ्रेम करून लावला, कारण न लावणं वाईट दिसलं असतं. त्याच्यामुळे क्लासमध्ये मुलं वाढली, हेही खरं आहे. मग एक दिवस त्यानं तीही कंपनी सोडली. कारण विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला. कंटाळा! त्या दिवशी मी एका नवरीच्या काकूंना तिसऱ्यांदा तेच चार ठेके शिकवत होतो. मला कंटाळ्याबद्दल कुणी सांगू नये.

त्याला परत बोलावणं आलं, तो परत गेला, आणि एका तालमीत उडीवरून उतरताना घोटा मुरगळून आतलं अस्थिबंधन तुटलं. ऑपरेशन झालं आणि तो अकोल्याला परत आला. वर्षापेक्षा जास्त काळ तो नाचला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा घोटा आता एकदा जोडला आहे, पुन्हा गेला तर नाच विसरा. मामी रोज त्याच्या पायाला शेक द्यायची. मी भेटायला जायचो, पायाकडे बघायचो, आणि माझ्या मनात काय चाललंय हे मला नीट बघवत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती, पण पाय टिकतो की नाही हे त्यांना बघायचं होतं. प्रेक्षकांसमोर, न थांबता एक आख्खा नाच करायचा आणि त्याचं चित्रीकरण पाठवायचं. मुंबईच्या बाई हॉल द्यायला तयार होत्या. हा मला म्हणाला, "दादा, तुह्या गॅदरिंगमधी मले वीस मिनिटं दे."

मी विचारलं, मुंबई सोडून इथे कशाला. तो नुसता हसला. मी हो म्हटलं. पत्रिकेवर त्याचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं छापावं लागलं, कारण छापखान्यातल्या माणसालाही तेच योग्य वाटलं. दरवर्षी अर्धा रिकामा असणारा हॉल त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडतील इतका भरला. माझ्या मुली छान नाचल्या. पालकांनी मला शाल दिली. सगळे शालीकडे बघत टाळ्या वाजवत होते आणि पुढचा कार्यक्रम कधी सुरू होतो याची वाट बघत होते.

त्याच्या नाचाआधी पडदा पाडला. स्टेजच्या फळ्यांवर त्यानं स्वतः रेक्झिन अंथरून घेतलं होतं. बुटांचे तळ घसरू नयेत म्हणून तो ते राळेच्या भुकटीत घासत होता. सगळं तपासून तो पलीकडच्या विंगेत गेला आणि कानात संगीत घालून, डोळे मिटून अंग मोकळं करायला लागला. मी अलीकडच्या विंगेत होतो. तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून मामा, मामी आणि चुलत घरातली चार माणसं पडद्याआड वर आली. प्रत्येकाच्या हातात टोपली. आमच्या घरात कौतुक बोलून दाखवत नाहीत. नवरदेव असो की दहावी पास झालेलं पोर असो, त्याच्या वाटेवर पाकळ्या अंथरतात. दुपारभर बसून त्यांनी झेंडू आणि गुलाबांच्या पाकळ्या सुट्या केल्या होत्या. आणि फुलवाल्याच्या हाताला जी सवय असते ती असतेच, पाकळ्या कोमेजू नयेत म्हणून वरून भरपूर पाणी शिंपडलं होतं. बघता बघता स्टेजभर ओल्या पाकळ्यांचा सडा पडला. मामानं मला बघून मान हलवली, जसं काही आम्ही दोघांनी मिळून हे ठरवलं होतं. मग ती सगळी खाली जाऊन पहिल्या रांगेत बसली.

रेक्झिनवर ओला झेंडू म्हणजे काय, हे नाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या फुलांवर उडी घेऊन एका पायावर उतरणारा माणूस उभा राहूच शकत नाही. त्यातून तो घोटा. मला हे एका क्षणात दिसलं. आणि दुसऱ्या क्षणात हेही दिसलं, की मी काही केलेलं नाही. फुलं त्याच्या बापानं टाकली आहेत. मी इथे हाताची घडी घालून उभा राहिलो तर जगात कुणीही मला बोल लावणार नाही. तो पडेल, अकोल्याला परत येईल, गजरे करेल, आणि या घरात नाचणारा माणूस मी एकटाच उरेन. किती स्वच्छ दिसलं ते. निवेदिकेनं बाहेर त्याचं नाव घेतलं आणि हॉल टाळ्यांनी भरून गेला.

झाडू विंगेतच होता. मी तो कधी उचलला ते मला कळलं नाही. मी मधोमध पोचून झाडायला लागलो तोच पडदेवाल्यानं पडदा उघडला, कारण त्याला नाव ऐकल्यावर पडदा उघडायचं एवढंच सांगितलेलं होतं. समोर सगळं गाव, माझ्या विद्यार्थिनी, त्यांचे आईबाप. आणि मी जरीच्या शेरवानीत वाकून केर काढतोय. हॉलभर हशा पिकला. पहिल्या रांगेतून मामा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"भाचेबुवा, काहून झाडून राहिले तुमी? माह्या पोराची फुलं हायेत ते."

मी झाडतच राहिलो. पाकळ्या विंगेत लोटल्या, पण रेक्झिनवर ओल राहिलीच. मग गुडघ्यांवर बसून मी ती पुसली, खांद्यावरच्या शालीनं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली. कुणीतरी शिट्टी मारली. इतकी वर्षं या गावात नाच शिकवतोय, पण माझ्या एकट्याकडे एवढं लक्ष कुणी कधी दिलं नव्हतं.

मग तो नाचला. त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण नीट केलं तर मला त्रास होईल आणि मुद्दाम वाईट केलं तर ते खोटं ठरेल. एवढंच सांगतो, की पहिली मोठी उडी घेऊन तो त्या घोट्यावर उतरला तेव्हा मी विंगेत श्वास रोखून उभा होतो, आणि तो हलकेच टेकला, पाऊल जरासुद्धा हललं नाही. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही. मामा मात्र आनंदानंच रडत होता.

नंतर मेकअपच्या खोलीत तो घोट्यावर बर्फ धरून बसला होता. माणसं फोटो काढून गेली. आम्ही दोघंच उरलो. तो आता आभार मानेल आणि मी मोठेपणानं 'असू दे' म्हणेन, असं मी ठरवून टाकलं होतं.

तो म्हणाला, "फुलं मले दिसली होती दादा. तू काढाले जातं का नाई, तेच पाहून राहिलो होतो."

मी विचारलं, आणि नसतो गेलो तर?

"तं बूट काढून अनवाणी नाचलो असतो," तो म्हणाला. "पायाचं काय व्हायचं ते झालं असतं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मुंबईच्या शिबिरापासून मी त्याच्यावर किती जळतोय, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरीही आपला शेवटचा डाव तो मुंबईला न खेळता माझ्या स्टेजवर घेऊन आला होता. मी जाईन की नाही, याची मला स्वतःला खात्री नव्हती. त्याला असावी. बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं, ते पुसायला त्यानं टॉवेल मागितला, मी दिला.

महिनाभरात त्याला त्या कंपनीचं बोलावणं आलं आणि तो गेला. तिथे किती दिवस टिकेल ते कुणी सांगू शकत नाही. नाचात तो माझ्या पुढे आहे, हे मी रडतखडत का होईना, केव्हाच पचवलं होतं. पण मनानंसुद्धा तो माझ्याहून मोठा निघाला, आणि याचा हेवा मला अजून पचलेला नाही.