रेशमाला तंबाखू चालत नाही

अमावास्येला नवी गाडी घरी आणणारी बाई आहे मी. भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या... मग पुढचं वाचा.

कोल्हापुरात पीएच.डी. करते. रेशमाचे कोष उकळायचे, त्यातलं प्रथिन विरघळवून शाई करायची आणि इंकजेट प्रिंटरनं काचपट्टीवर थरावर थर छापायचे. तयार होते बारीक छिद्रांची जाळी. उद्या भाजलेल्या जखमेवर तिच्यात नवी कातडी वाढावी, यासाठी हा सगळा खटाटोप. कोष जयसिंगपूरजवळच्या माझ्या काकूच्या रेशीमकिडे पाळायच्या शेडमधले.

पण जाळी निम्मी झाली की शाई सोडणारं नोझल बंद पडायचं. शाई गाळून पाहिली, नोझल बदललं, तरी तेच. गाईड सर वैतागले. "संशोधन समितीसमोर छापून दाखव. न्हाय जमलं तर विषय बदल." म्हणजे चार वर्षं पाण्यात!

मग लक्षात आलं — निम्म्यावर सर बघायला आत येतात, आणि बंद पडतं ते तेव्हाच. सरांच्या गालात कायम तंबाखू. काकूच्या शेडमध्ये तंबाखू खाणाऱ्याला पाऊल टाकू देत नाहीत, अळ्या दगावतात. हे लहानपणापासून पाहिलेलं. काकूला फोन केला, तर तीच हसत सुटली. "अगं येडे, उकडून मारलंस की त्यास्नी! मेल्याला कसला वास?"

बरोबर आहे. तरी वास तपासायला म्हणून, सर नसताना रेशीम भरून प्रिंटरशेजारी तंबाखूची पुडी उघडून ठेवली. छपाई सुरळीत. सर उभे असताना साधं पाणी भरून पाहिलं, तेही सुरळीत. रेशीम भरलं, सर आले... बंद.

समितीच्या दिवशी प्रिंटर सुरू केला आणि सर दारात आले. मी सरळ म्हणाले, "सर, तुम्ही बाहेर थांबा."

"मी? माझ्याच लॅबच्या भाईर?"

"चूळ भरून आलात तर आत या."

समितीतले दोघे बघतच राहिले. दार मीच लावलं. जाळी शेवटच्या थरापर्यंत छापून झाली. विषय वाचला.

मैत्रिणी म्हणतात, हे कुणाला सांगू नकोस, लोक तुझ्या डिग्रीला हसतील. हसू देत की! डोळ्यांनी पाहिलेलं का लपवू? वासानं म्हणाल, तर पुडीनं का नाही? योगायोग म्हणाल, तर दर वेळी? तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, नुसतं हसू नका.

सरांना विचारलं तर म्हणतात, "तसलं काय बी नसतंय." पण हल्ली ते यायच्या आधी बाहेरच्या नळावर खळखळून चूळ भरल्याचा आवाज येतो. मग सर आत येतात, आणि प्रिंटर चालूच राहतो.