मिटल्या तोंडांची चाचणी

घरात त्याला चिंतोपंत म्हणत. कुलूप लावून निघाला की अर्ध्या जिन्यावरून परत यायचा, कुलूप ओढून बघायचा, आणि खाली पोचल्यावर त्याला वाटायचं, ओढताना ते निसटलं तर नसेल? त्याची थोरली बहीण, ताई, हे सगळं हुबेहूब करून दाखवायची. कपाळाला आठी, ओठांचा चंबू आणि खालच्या पट्टीत, "नाही, तसं काही नाही, पण समजा..." या 'समजा'पायी चिंतोपंताचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उरलेलं अर्धं लोकांच्या डोक्यांपायी.

कारण त्याचं कामच तसं होतं. कानात काहीही न घालता गाणी ऐकवणारा पट्टा तो तयार करत होता. मानेमागून फिरणारी लवचीक तार, कानावर अडकणारा आकडा आणि कानाच्या पुढ्यात टेकणारी शर्टाच्या बटणाएवढी चकती. चकती थरथरते, थरथर हाडातून आत जाते आणि गाणं थेट डोक्यात वाजू लागतं. कान मोकळेच, त्यामुळे मागून येणारी गाडीही ऐकू येते. सांगायला सोपं आहे. पण कुणाचं डोकं कलिंगडासारखं, कुणाचं पपईसारखं. एकाला चष्मा, दुसऱ्याला दाढी. पट्टा घट्ट केला तर कानशिलं ठणकतात, सैल सोडला तर गाणं शेजाऱ्यांच्या घरातून आल्यासारखं वाटतं. कुणीही नवीन भेटलं की चिंतोपंत त्याच्या डोळ्यांकडे न बघता कानशिलाकडे बघत बोलायचा. त्यापायी त्याचं लग्न एकदा ठरता ठरता मोडलं, असं ताई सांगायची. खरंखोटं तीच जाणे.

पट्ट्याचा पोलादी साचा कापायचं काम या 'समजा'मुळे आधीच लांबलं होतं. शेवटी कचेरीतल्या मॅडमनी, प्रत्येक शब्दागणिक टेबलावर बोट वाजवत, निर्वाणीचं सांगितलं होतं. हे बघा, आता पुन्हा मुदत मागितलीत तर पट्टा दुसऱ्या गटाकडे जाईल. चिंतोपंतानं मान डोलावली होती. या वेळी त्याला खात्रीच होती. चकतीची जागा त्यानं स्वतः हुडकून काढली होती, अगदी जबड्याच्या सांध्यावर. तिथे आवाज सगळ्यात खणखणीत यायचा. कचेरीतल्या झाडून सगळ्यांनी ऐकून पसंती दिली होती. सकाळी सही झाली की साचेवाला कामाला लागणार होता, आणि पोलाद एकदा कापलं की कापलं.

आदल्या संध्याकाळी त्यानं नमुन्याचा पट्टा घरी आणला, मोठ्या हौसेनं ताईच्या डोक्याला लावला आणि गाणं सुरू केलं. ताई कांदा चिरत होती. तिचा गळा बेताचा, पण हौस दांडगी. दुसऱ्याच ओळीला तिनं सूर लावला, आणि मधेच थांबून कानाजवळ टिचकी मारली.

"बंद पडलं रे."

त्यानं पट्टा काढून स्वतःला लावला. चालू होता. परत तिला दिला. ती गायला लागली आणि पुन्हा तेच. त्यानं तार तपासली, बटणं दाबली, बॅटरी बघितली.

"अरे, मी गप्प असले की वाजतं," ताई म्हणाली, "गायला लागले की जातं. तुझ्याच वळणावर गेलंय. माझं गाणं सोसत नाही त्याला."

चिंतोपंत हसला नाही. त्यानं कानापुढे बोट ठेवलं आणि आ वासला. बोटाखालचं हाड सरकन पुढे निघून गेलं आणि तिथे खळगा पडला. चकतीला टेकायला हाडच उरत नव्हतं. कचेरीत सगळ्यांनी ऐकलं होतं ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं, तोंड घट्ट मिटून. साहेबलोकांसमोर गाणार कोण? आणि घरी, एकट्यानं, आवडीचं गाणं लागल्यावर तोंड मिटून बसतो तरी कोण?

सकाळपर्यंत त्यानं गप्प राहायचं शंभर वेळा ठरवलं. समजा, लोक हळूच गुणगुणले तर? समजा, कुणाच्या लक्षातच आलं नाही तर? बोललो तर पट्टा हातचा जाणार. न बोललो तर तो बाजारात जाणार, आणि गाणाऱ्या प्रत्येकाच्या कानशिलावर मुका होणार.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. साचेवाला, जो दातांत खिळे धरल्यासारखा बोलायचा, तो कागद सरळ करत होता.

"मॅडम," चिंतोपंत म्हणाला, "सहीआधी तुम्ही जरा गाता का?"

मॅडमनी विचारलं की तब्येत बरी आहे ना. मग न्हाणीघरातही कधी न गुणगुणलेल्या त्या माणसानं पट्टा चढवला, आ वासला आणि गायला लागला. गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज निघाला. साचेवाल्याला ठसका लागला. पण मॅडम हसल्या नाहीत. प्रत्येक लांब सुराला चकती हाडापासून सुटत होती, आणि त्या चिंतोपंताच्या डोळ्यांकडे नाही, कानशिलाकडे बघत होत्या.

मग त्यांनी पट्टा मागून घेतला. सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. आधी नुसतं गुणगुणल्या, मग बऱ्यापैकी मोकळ्या गायल्या, आणि मधेच थांबल्या. परत येऊन त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"किती सरकवायची चकती?"

"बोटभर. वर, गालाच्या हाडाकडे. आवाज थोडा उतरेल."

त्यांचं बोट टेबलावर वाजू लागलं. चिंतोपंताला ते स्वतःच्या कवटीवर वाजल्यासारखं वाटलं.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या गटात तुमच्यासारखं बेसूर गायची हिंमत कुणाची नाही. करा तुम्हीच. पण आता चाचणीला माणसं आपली नकोत, गाणारी हवीत. हे कुणाच्या लक्षात आलं म्हणालात?"

तो काहीच म्हणाला नव्हता. आता सांगावं लागलं.

"मग घेऊन या ताईंना."

जिना उतरताना चिंतोपंताचे पाय हलके व्हायला हवे होते. पण समजा, ताई खरंच कचेरीत आली तर? समजा, मॅडमसमोर तिनं मॅडमचंच बोट वाजवून दाखवलं तर? तो अर्ध्या जिन्यावर थांबला आणि परत वर चढू लागला.