शेजारच्या आजोबांचा दंड

करोनाच्या दुसऱ्या वर्षी नेदरलँड्समधल्या आल्मेऱ्यात आम्ही नवरा-बायको दोघंही घरूनच काम करत होतो. शाळा बंद, म्हणून आठ वर्षांची मुलगीही घरीच. आमच्या मीटिंग सुरू झाल्या की ती मागच्या कुंपणापाशी जायची. पलीकडे एक डच आजोबा एकटेच राहायचे. ती त्यांना ‘ओपा’, म्हणजे डचमध्ये आजोबा, म्हणायची. मी मराठीत काही विचारलं तर एका शब्दात, तेही डचमध्ये उत्तर; ओपांशी मात्र तासन्‌तास गप्पा. मला ते खुपायचं. माणूस चांगला होता, म्हणून जास्तच.

त्यांचा एक किस्सा तिला फार आवडायचा. पूर्वी इथे टीव्हीसाठी दरवर्षी फी भरावी लागे. ती त्यांनी कधी भरलीच नाही. तपासायला कुणी आलं की टीव्हीवर चादर टाकून वर इस्त्री ठेवायचे. ती खिदळायची. माझे बाबा रेडिओचं लायसन्स भरायला पोस्टात रांगेत उभे राहायचे, हे मीही एकदा सांगून पाहिलं.

“ओके,” ती म्हणाली.

मग एका सकाळी त्यांच्या दारात पोलीस आले. सायकलला दिवा नसल्याचा दंड आजोबांनी भरला नव्हता. दिवा होता, पोलिसानेच नीट पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. दंड वाढत गेला आणि आता आठवडाभराची कोठडी. झाडांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली माझ्याकडे देऊन ते शांतपणे गाडीत बसले.

मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. आता तरी ती माझ्याकडे येईल. मी लवकर लॅपटॉप मिटला, कॅरम काढला. ती खिडकीत बसून ओपांना पाठवायला चित्र काढत होती.

“माझ्यासाठी कधी काढलंस का गं असं चित्र?” मी विचारून बसलो.

“तू कुठे तुरुंगात आहेस?”

तिसऱ्या दिवशी पाणी घालायला गेलो, तर टेबलावर सरकारी पत्र पडलेलं. पैसे भरले की लगेच सुटका, असं त्यात लिहिलं होतं. मी तिथेच उभ्याउभ्या फोनवरून भरून टाकले. दया आली म्हणून नाही. ओपांना सोडवणारा बाबा तिला दिसावा म्हणून.

“त्यांना विचारलंस तरी का?” बायको म्हणाली.

दुपारी आजोबा बसने परतले. मुलगी कुंपणाकडे धावली. तिला हात करून ते माझ्याकडे वळले.

“कुणी भरले?”

“मी.”

“आणखी चार दिवस मी आनंदाने बसलो असतो. तू हरवलंस मला.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग पाठ फिरवून घरात गेली आणि संध्याकाळपर्यंत खोलीचं दार उघडलं नाही. आजोबांनी पैसे पाकिटात घालून आमच्या दारातून आत सरकवले आणि माझ्याशी बोलणं टाकलं. तिच्याशी मात्र आधीसारखंच चालू राहिलं.

पुढे शाळा उघडली. तिला मैत्रिणी परत मिळाल्या, कुंपणापाशी जाणं थांबलं. एका शनिवारी आजोबांनीच मला हाक मारली.

“कशी आहे ती? शाळेत काय चाललंय?”

“मलाही काही सांगत नाही,” मी म्हणालो.

ते हसले. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.