एका गायत्रीला एक थेंब

आईला पक्षाघात झाल्यापासून तिच्या पोटात अन्न जायचं ते नाकातल्या नळीतून, थेंबाथेंबाने. थेंब सोडणारा पंप आमच्याच कारखान्यातला, प्रोग्राम मी लिहिलेला. बाबांचा यंत्रांवर काडीचा विश्वास नाही. रामघाटावरच्या पाठशाळेत त्यांचा उभा जन्म वेद शिकवण्यात गेला; घरात कुकर उतरवायचा तोही आवर्तनं मोजून. पंपाचंही त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: एका गायत्रीला एक थेंब. मी हसले, पण हिशेब बरोबर होता.

मग एकदा व्होल्टेज वाढलं आणि पंपाचं सर्किट जळालं. मी कारखान्यातून नवं बोर्ड आणून सकाळी घाईघाईत बसवलं, प्रोग्राम तोच चढवला. "चालू केल्यावर थेंब तपासा हं," असं बाबांना सांगून निघाले.

कारखान्यात चहा पिताना सहकारी सहज म्हणाला, "नये बोर्ड की चिप तो बहुत तेज़ है."

मी हातातला कप तसाच खाली ठेवला. त्या प्रोग्राममध्ये घड्याळ नव्हतंच. दोन थेंबांमध्ये थांबायचं म्हणजे चिपने ठरावीक आकड्यापर्यंत मोजत बसायचं. जुनी चिप सावकाश मोजायची. ही भराभर मोजून मोकळी होणार आणि थेंबही तसेच भराभर पडणार. अन्न उलटून श्वासनळीत गेलं तर? पुढचा विचार मला करवेना. मी घरी फोन लावला.

"परेशान होऊ नकोस गं," बाबा म्हणाले. "मी तपासलंय. एका गायत्रीला एक थेंब, बिलकुल ठीक. आईला जरा खोकला येतोय, बस."

जीव भांड्यात पडला. तरी म्हटलं, "मला ऐकू येईल असं मोजा बरं पुन्हा."

त्यांनी मंत्र सुरू केला. एरवी एकेक अक्षर तोलून म्हणणारे बाबा धापा टाकत मंत्र उरकत होते. नव्या यंत्राच्या आणि आईच्या खोकल्याच्या धास्तीने त्यांचा वेग वाढला होता, चिपचाही वाढला होता, म्हणून हिशेब जुळत होता.

"बाबा, आधी पंप बंद करा! आईला उठवून बसवा!" मी किंचाळले.

रिक्षा मैदागिनच्या चौकात सोडली, पुढच्या गल्ल्यांत ती शिरत नाही, आणि धावत सुटले. आई असेल ना, एवढंच डोक्यात. होती. खोकून खोकून ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता.

आता पंप सुरू होताच बोर्डावरच्या घड्याळाशी स्वतःचा वेग आधी ताडून बघतो आणि त्यावरून किती मोजायचं ते ठरवतो. चिप कुठलीही असो, थेंब वेळेवर पडतो. बाबांसाठी मी पलंगासमोर सेकंदकाट्याचं घड्याळ टांगलंय. ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, अजून गायत्रीवरच मोजतात. स्वयंपाकघरात मला ती जरा भराभर ऐकू आली, की हातातलं टाकून मी आईच्या खोलीत धावते.